घरच्या छोट्या स्टुडिओत फोटोवर रंगाची झाक येते, पांढरं पांढरं दिसत नाही: दोष कुठे शोधायचा

घरातली एक खोली रिकामी करायची, पडदा टांगायचा, दोन दिवे उभे करायचे, की झाला स्टुडिओ. पहिले काही फोटो बरे येतात. मग तक्रारी सुरू होतात आणि त्या जवळपास सगळ्यांच्या सारख्याच असतात. चेहऱ्याच्या एका बाजूला पिवळट नाहीतर हिरवट झाक येते. मागचा पांढरा पडदा फोटोत राखाडी दिसतो. दिवा एकाच बाजूला असतो, तरी सावली पडत नाही आणि चेहरा पसरट दिसतो. एडिटिंगमध्ये रंग जमवायला जावं तर चेहरा सुधारतो आणि कपडे बिघडतात. पुढच्या खेपेला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यावर बहुतेक जण आणखी एक दिवा विकत घेतात आणि दुखणं वाढतं. लहान खोलीत तुमच्या दिव्यांखेरीज एक दिवा कायम चालू असतो, तो म्हणजे ती खोलीच. भिंती, छत, फरशी, कपाटाचं दार, खिडकीचा पडदा, ज्यावर ज्यावर उजेड पडतो तिथून तो त्या वस्तूचा रंग घेऊन परत येतो. मोठ्या स्टुडिओत भिंत तीस फूट लांब असते, तिथून परतलेला उजेड मोजण्याइतकाही उरत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत माणूस मधोमध बसवला तर दोन्ही बाजूंच्या भिंती जेमतेम पाच फुटांवर येतात. म्हणजे दोन्हीकडे भिंतीएवढे रिफ्लेक्टर उभे केल्यासारखंच आहे, आणि तेही रंगीत. तुम्ही उजेड वाढवाल तसा हाही वाढतो. म्हणून आधी तो कुठून येतोय ते शोधायचं, मग आवरायचं आणि खरेदीचा विचार सगळ्यात शेवटी करायचा.

आधी एक काळा फोटो काढा

कॅमेरा मॅन्युअलवर टाका आणि ऑटो आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) बंद करा. हे दुसरं फार जण विसरतात. मॅन्युअल मोडमध्येही ऑटो आयएसओ चालू राहू शकतो, आणि तो चालू असला की कॅमेरा प्रत्येक फोटोत आपल्या मनाने उजेड वरखाली करत राहतो. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ तुम्ही नेहमी वापरता तेच ठेवा. आता स्टुडिओचे दिवे बंद करा, पण खोलीत एरवी जे चालू असतं ते तसंच राहू द्या: छतावरची ट्यूब, उघडी खिडकी, दारातून येणारा शेजारच्या खोलीचा उजेड. फोटो काढा.

तो ठार काळा आला पाहिजे. त्यात खिडकीची चौकट किंवा कपाटाचा कोपरा ओळखू येत असेल, तर तो उजेड तुमच्या प्रत्येक फोटोत मिसळतोय. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काळा दिसला म्हणून समाधान मानू नका. हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, उघडा, सगळा ढीग डाव्या कडेला चिकटलेला हवा.

फ्लॅश वापरत असाल तर इथली दुरुस्ती सोपी आहे. फ्लॅशचा उजेड क्षणाच्या अगदी छोट्या भागात येऊन जातो, त्यामुळे शटर १/६० ठेवा की १/२००, फ्लॅशचा हिस्सा तेवढाच राहतो. खोलीतला उजेड मात्र शटर जितका वेळ उघडं तितका जमत जातो. म्हणून शटर तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेपर्यंत, म्हणजे फ्लॅशचा उजेड अख्ख्या फ्रेमवर पडतो अशा सर्वात वेगवान शटरपर्यंत, वाढवा (बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असते), आयएसओ १०० वर आणा, अ‍ॅपर्चर एफ/८ करा आणि फ्लॅशची ताकद त्या हिशेबाने वाढवा. ट्यूब चालू असली तरी फोटो काळा येईल.

कायम पेटत राहणाऱ्या एलईडी दिव्यांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण शटर दोन्ही उजेड सारखेच कापतं. त्यात हे दिवे फ्लॅशच्या मानाने मंद असतात. मग आपण आयएसओ ८०० वर नेतो, अ‍ॅपर्चर एफ/४ वर उघडतो, शटर १/६० वर उतरवतो. आयएसओ १००, एफ/८ आणि १/१२५ च्या तुलनेत हा सहा स्टॉपचा फरक झाला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे खोलीतला फुकटचा उजेड ६४ पट जास्त नोंदला जातो. तिथे एकच उपाय आहे. ट्यूब बंद, दार बंद आणि खिडकीवर जाड पडदा. पडद्याच्या कडांमधून झिरपणारी उजेडाची पट्टीसुद्धा फोटोत दिसते, म्हणून पडदा चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर यायला हवा.

मग एक दिवा आणि एक पांढरा गोळा

काळा फोटो जमला तरी झाक राहिली, तर दोष तुमच्याच दिव्याच्या परतलेल्या उजेडाचा आहे. तो पकडायला थर्माकोलचा साधा पांढरा गोळा पुरतो. माणसाचं डोकं जिथे येतं तिथे, त्याच उंचीवर, स्टँडला टोचून ठेवा. एकच दिवा डावीकडून लावा, बाकी सगळे बंद. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगदुरुस्ती, ऑटोवर ठेवू नका, दिव्याच्या रंगाला ठरवून लॉक करा. फोटो काढा आणि मोठा करून पाहा.

गोळ्याची डावी बाजू स्वच्छ पांढरी असेल. मधल्या भागात उजेड हळूहळू उतरत जाईल. खरी गंमत उजव्या कडेला आहे. तिथे गडद, निखळ राखाडी दिसायला हवा. त्याऐवजी फिकट पिवळा दिसला तर दिव्यासमोरची क्रीम रंगाची भिंत बोलतेय. खालच्या अंगाला तांबूस झाक असेल तर ती लाकडी किंवा लाल फरशीची आहे, आणि माणसाच्या हनुवटीखाली व मानेवर तीच येते. वरचा भाग गरजेपेक्षा उजळ असेल तर छत. हिरवट असेल तर खिडकीबाहेर झाड आहे का ते पाहा. पानांवरून येणारं ऊन चेहऱ्यावर इतकं हिरवं पडतं की माणूस आजारी वाटतो.

गोळ्यावरून नेमकी जागा कळत नसेल, तर तिथेच चकचकीत स्टीलची एक वाटी पालथी ठेवा आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून तिच्याकडे झूम करून पाहा. वाटीच्या फुगीर पाठीवर सगळी खोली आकसून उमटते. तुमचा सॉफ्टबॉक्स (दिव्यावरची, तोंडाला पांढरं कापड असलेली पेटी) चौकोनी ठिपक्यासारखा दिसेल. त्याच्याखेरीज जे जे उजळ दिसतं, ते सगळं तुमच्या नकळत दिव्याचं काम करतंय. कपाटाचं सनमायका लावलेलं दार, इस्त्रीच्या टेबलावरची चादर, आणि बरेचदा खुद्द फोटो काढणारा. लाल शर्ट घालून पांढऱ्या वस्तूच्या अगदी जवळ उभं राहून फोटो काढला तर त्या वस्तूवर लाल झाक येणारच. काळा किंवा गडद राखाडी शर्ट घाला. हा उपाय जवळपास फुकटच आहे.

आता काळं कापड घ्या आणि संशयित भिंत झाका. पुन्हा फोटो. गोळ्याची ती बाजू गडद झाली आणि झाक गेली, तर चोर सापडला. काहीच फरक पडला नाही तर कापड पुढच्या जागी. एका वेळी एकच गोष्ट बदला. दिवा पण हलवला, कापड पण लावलं आणि व्हाइट बॅलन्सही बदलला, तर फोटो सुधारला तरी कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या खेपेला शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून.

आवरायचं कसं

कापड कुठलंही काळं चालत नाही. चकाकणारं सॅटिन किंवा प्लास्टिकची काळी शीट उजेड परत फेकते, मग ती काळी असली तरी. मखमल सगळ्यात चांगली, ती उजेड गिळते. नसेल तर जाड सुती काळं कापड, बिनइस्त्रीचं असलं तरी हरकत नाही. कापड भिंतीला चिकटवण्यापेक्षा माणसाच्या जवळ आणा. दोन स्टँडांमध्ये किंवा दोऱ्यावर टांगून चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर धरलं, तर छोट्या कापडातही काम भागतं. भिंतीवर लावायचं तर अख्खी भिंत झाकावी लागते.

पण खरी दुरुस्ती दिव्यापाशीच आहे. उजेड भिंतीपर्यंत पोचूच दिला नाही तर तो परत येणार नाही. आणि इथेच नव्याने स्टुडिओ लावणाऱ्यांची गाडी हमखास अडते, कारण किटमध्ये छत्र्या येतात. पांढरी छत्री, जिच्यातून आरपार उजेड सोडायचा ती, अर्धा उजेड माणसावर टाकते आणि उरलेला मागे, वर, बाजूला उधळते. मोठ्या जागेत तो हवेत विरतो. लहान खोलीत तो छतावर आणि भिंतींवर आदळून चारी बाजूंनी परत येतो, आणि सावली भरून निघते. चेहरा पसरट का दिसतो याचं दहापैकी नऊ वेळा हेच उत्तर असतं. माझं मत विचाराल तर लहान खोलीत ही छत्री बाहेर काढूच नये. बाहेरून काळ्या आवरणाची, उजेड परतवणारी छत्री त्यापेक्षा बरी. सॉफ्टबॉक्स त्याहून बरा. आणि सॉफ्टबॉक्सच्या तोंडावर कापडी जाळी, म्हणजे ग्रिड, लावली तर उजेड समोर जातो, बाजूला सांडत नाही. एक दिवा कमी घ्या, पण ग्रिड घ्या.

दिवा माणसाच्या जवळ आणणं हाही उपायच आहे, आणि तो फुकट आहे. दिवा सहा फुटांवरून तीन फुटांवर आणला की माणसावर चौपट उजेड पडतो. म्हणजे दिव्याची ताकद दोन स्टॉप कमी करता येते. ताकद कमी झाली की भिंतींवर आणि छतावर जाणारा उजेडही त्याच प्रमाणात उतरतो. शिवाय जवळचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या मानाने मोठा होतो, त्यामुळे सावलीची कड मऊ राहते. लहान खोली याच बाबतीत तुमच्या बाजूने आहे. फक्त जवळ आणताना स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी टाका आणि स्टँडचा एक पाय दिव्याच्या दिशेने ठेवा, कारण आता तो पडला तर माणसावर पडेल. हॅलोजनसारखे तापणारे दिवे असतील तर कापड आणि पडदे त्यांच्यापासून लांब ठेवा.

छताचं काय? नऊ-दहा फुटांवरचं पांढरं छत हे अनेक खोल्यांतलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित रिफ्लेक्टर असतं. पांढरं असल्यामुळे ते रंग चढवत नाही म्हणून कुणाच्या डोळ्यांत येत नाही, पण सावली तेच खातं. खोली कायमची स्टुडिओसाठीच असेल तर भिंती आणि छत मॅट, तटस्थ राखाडी रंगवून टाका. राखाडी निवडताना त्यात निळी किंवा हिरवी झाक नाही ना, ते दिवसाउजेडी बघून घ्या. खोली रात्री झोपायला लागत असेल तर ग्रिड आणि काळ्या कापडावर भागवा.

आणि हो, सगळंच झाकून टाकू नका. कधीकधी भरणीचा, म्हणजे सावली हलकी करणारा, उजेड हवाच असतो. तो हवा तेव्हा पांढरा फोम बोर्ड चेहऱ्याजवळ धरा. भिंतीवर विसंबून राहिलात तर ती तिच्या मर्जीप्रमाणे आणि तिच्या रंगाने उजेड देईल.

पांढरा पडदा राखाडी का येतो

याची दोन वेगळी कारणं आहेत आणि लोक दोन्हींची गल्लत करतात.

पहिलं कारण कॅमेऱ्याचं मीटर. ते समोर दिसणारं सगळं मिळून साधारण मध्यम राखाडी यावं असा हिशेब करतं. फ्रेममध्ये बराचसा पांढरा पडदा असला की मीटर घाबरतं, फोटो अंधारा करतं आणि पडद्याबरोबर चेहराही काळवंडतो. चेहराही काळवंडलाय का, ही या कारणाची खूण. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा, किंवा मॅन्युअलवर या आणि मीटरचं ऐकणं सोडा.

दुसरं कारण अंतराचं. इथे चेहरा बरोबर असतो, फक्त पडदा राखाडी असतो. समजा दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आहे आणि पडदा चेहऱ्याच्या मागे सहा फूट. म्हणजे दिव्यापासून पडदा नऊ फूट, चेहऱ्याच्या तिप्पट. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणून पडद्यावर चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाइतकाच उजेड पोचतो. तीन स्टॉपहून जास्त फरक. इतक्या कमी उजेडात पांढराशुभ्र कागदसुद्धा मध्यम राखाडीहून गडद येतो. पडदा धुऊन किंवा नवा आणून काही होणार नाही. दिवा मागे नेला, चेहऱ्यापासून सहा फुटांवर, आणि माणसाला पडद्यापासून तीन फुटांवर आणलं, तर फरक साधारण सव्वा स्टॉपवर येतो. पडदा उजळ होईल, पण आता त्यावर माणसाची सावली पडेल.

म्हणून निखळ पांढरं हवं असेल तर पडद्याला स्वतंत्र दिवा लागतोच. आणखी एक दिवा घेणं सार्थकी लागतं अशी एवढीच जागा मला मान्य आहे. पडदा चेहऱ्यापेक्षा सुमारे एक स्टॉप, फार तर दीड स्टॉप उजळ ठेवा. कॅमेऱ्यातली हायलाइटची सूचना (अति उजळ भाग लुकलुकवून दाखवणारी) चालू करा, पडदा लुकलुकायला लागला की थांबा. त्याहून वाढवलात तर पडदाच मागून दिव्यासारखा पेटतो. केसांच्या कडा विरघळतात, गालांच्या कडांना पांढरी किनार येते आणि लेन्समध्ये घुसलेल्या उजेडाने सगळा फोटो दुधट होतो. असा दुधट फोटो आला की लोक लेन्स पुसत बसतात. आधी पडद्याचा दिवा अर्धा स्टॉप उतरवून पाहा. आणि पडद्याचा दिवा माणसावर सांडत असेल तर मध्ये काळा बोर्ड उभा करा.

जागा नसेल तर पांढऱ्याचा हट्ट सोडून राखाडी पडदा घ्या, असंही मी सुचवेन. एकच राखाडी पडदा उजेड दिला तर फिकट आणि न दिला तर जवळपास काळा दिसतो. आणि कागदाचा रोल घेताना २.७२ मीटर रुंदीचा मोठा रोल लहान खोलीत मावत नाही. १.३५ मीटरचा अर्धा रोल एका माणसाच्या अर्ध्या अंगाच्या फोटोला पुरतो.

व्हाइट बॅलन्स लावूनही रंग जुळत नाही तेव्हा

खिडकीतून येणारा उजेड निळसर आणि घरातला पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). फ्लॅश ५५०० च्या आसपास. यातले दोन उजेड एकाच चेहऱ्यावर पडले तर व्हाइट बॅलन्सचा कुठलाही आकडा दोन्हींना बरोबर करू शकत नाही, कारण तो सगळ्या फोटोला एकच दुरुस्ती लावतो. गाल जमवला की कपाळ निळं पडतं. एडिटिंगमध्ये तासन् तास जातात ते इथेच. उजेड एकाच रंगाचा करा: एकतर खिडकी बंद, नाहीतर बल्ब बंद. फ्लॅश आणि बल्ब दोन्ही हवेच असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून त्याला बल्बच्या रंगावर आणा आणि खिडकी झाका.

उजेड एकजात झाल्यावर ग्रे कार्डवरून, म्हणजे तटस्थ राखाडी रंगाच्या पुठ्ठ्यावरून, व्हाइट बॅलन्स ठरवा. प्रिंटरचा पांढरा कागद त्यासाठी वापरू नका. अशा कागदांत चमक आणणारी रसायनं असतात, ती अतिनील किरणांखाली निळसर चमकतात, मग कॅमेरा त्या निळ्याची भरपाई करायला फोटो पिवळा करतो. खूप धुतलेले पांढरे शर्टही फ्लॅशखाली निळसर दिसतात ते यामुळेच. तिथे व्हाइट बॅलन्सशी झटापट करू नका, शर्टचा निळा तेवढा उतरवा.

ग्रे कार्ड तंतोतंत राखाडी दिसतंय, पण त्वचा मेलेल्या रंगाची, ओठ फिके? मग दोष दिव्यातच आहे. हलक्या प्रतीच्या एलईडीत लाल रंगाचा भाग कमी असतो आणि जे उजेडात नाहीच ते एडिटिंगमध्ये कुठून आणणार. दिव्याच्या खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडा असतो, तो ९५ किंवा वर असेल असाच दिवा घ्या. दोन सॉफ्टबॉक्समध्ये थोडा रंगफरक दिसत असेल तर पुढची पांढरी कापडं शेजारी ठेवून पाहा. जुनं कापड पिवळं पडलेलं असतं.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, काढा, हे वेगळं सांगायला नको.

आडव्या पट्ट्या

फोटोत काळी पट्टी येते त्याचेही दोन प्रकार. फ्लॅश वापरताना फ्रेमच्या एका कडेला जाड काळी पट्टी येत असेल, तर शटर सिंक मर्यादेच्या पुढे गेलंय. १/१२५ वर उतरा, स्वस्तातले ट्रिगर किंचित उशिरा सुटतात, त्यांनाही तेवढी सवड मिळते. एलईडी किंवा ट्यूबच्या उजेडात फिकट-गडद अशा अनेक पट्ट्या येत असतील, तर दिवा लुकलुकतोय. ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, तिथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. काही दिवे फक्त मंद केल्यावरच लुकलुकतात, ते पूर्ण ताकदीवर ठेवून लांब न्या.

नाक मोठं येतं

हा दोष दिव्याचा नाही, पण खोली लहान असल्यामुळेच येतो, म्हणून इथेच सांगून टाकतो. मागे सरकायला जागा नसते म्हणून आपण वाइड लेन्स लावून चेहऱ्याला भिडतो आणि नाक फुगतं. चेहऱ्याची ठेवण कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरते. निदान पाच फूट लांब उभे राहा, मग लेन्स कुठलीही असो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने खांद्यापर्यंतचा फोटो साधारण साडेपाच फुटांवरून निघतो, तेवढी जागा दहा बाय बारात आहे. पूर्ण उभा माणूस मात्र त्याच लेन्सने घ्यायचा तर सोळा फूट लागतील. ५० मिमीने साडेनऊ फुटांत भागतं, ३५ मिमीने पावणेसात. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सरवर ५० मिमी लावली तर पुन्हा साडेचौदा फुटांच्या घरात जाता, त्यामुळे पूर्ण उभे फोटो तिथे ३५ मिमीने काढा. आणि दार उघडून बाहेरच्या खोलीत उभं राहून काढता येतो का ते आधी पाहा, हा रस्ता सुचायला हवा तितक्या लवकर सुचत नाही.

परवा बरोबर होतं, आज नाही

सगळं जमलं आणि पुढच्या खेपेला पुन्हा वेगळं आलं, तर काहीतरी हललंय. घरच्या स्टुडिओत सामान दर वेळी उचलून ठेवावं लागतं, म्हणून जागा फरशीवर चिकटपट्टीने आखून ठेवा: स्टूल, दिवा, कॅमेरा, पडदा. दिवा तीन फुटांऐवजी साडेतीन फुटांवर ठेवला तरी माणसावरचा उजेड जवळपास अर्धा स्टॉप उतरतो. दिव्याची उंची स्टँडच्या नळीवर पट्टी लावून नोंदवा. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, केल्विन आणि दिव्याची ताकद एका कागदावर लिहून तो भिंतीवर लावा. फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्यावर, असेल तर मॅन्युअलवर आणा. टीटीएलमध्ये माणसाने काळा शर्ट घातला की ताकद वेगळी, पांढरा घातला की वेगळी.

कॅमेऱ्यात काहीच बदललं नसेल आणि तरी रंग वेगळा वाटत असेल, तर जिथे फोटो पाहताय ती स्क्रीन तपासा. संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळी करणारी नाइट मोडची सेटिंग, आपोआप कमी-जास्त होणारी चमक, आणि पिवळ्या बल्बखाली बसून केलेलं एडिटिंग. या तिन्हींमुळे फोटो बरोबर असूनही चुकीचा दिसतो, आणि आपण तो दुरुस्त करून खरोखर बिघडवतो. एडिटिंगमध्ये ग्रे कार्डवर पिपेट (रंग मोजायचं साधन) ठेवून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आकडे वाचा. ते जवळपास सारखे असतील तर फोटो बरोबर आहे, डोळ्यांना काहीही वाटो.

फोनवर काढणाऱ्यांना वरचं सगळं लागू आहे, एक अडचण जास्त: फोन दर फोटोला एक्स्पोजर आणि रंग नव्याने ठरवतो. स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, आणि प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये ठरवून टाका. घरातले साधे फ्लॅश फोनबरोबर सहसा जुळत नाहीत, तेव्हा एलईडीच वापरावा लागतो, म्हणून फोनवाल्यांनी खिडकीच्या जाड पडद्यावर कसर करू नये.